तिसरी चौकट

अध्यक्षांच्या लाल पेनाची पहिली काट बसली ती चरखी दादरीच्या विमान टकरीवर.

"हे कशाला, डोंगरवार मॅडम? तीनशे एकोणपन्नास मृत्यू! शुभ प्रसंग आहे. लोक पेढे खात असतील."

उड्डाण नियमन परिषदेचे अध्यक्ष हेमंत पारसनीस यांना पेढे खाताना कुणी मेलेल्या माणसांची आठवण काढलेली खपत नसे. एरवीही खपत नसे. शलाका डोंगरवार त्यांच्या टेबलापलीकडे हात बांधून उभी होती. ती परिषदेची मुख्य तपासणी अधिकारी. नागपूरच्या मिहानमधल्या प्रत्येक हँगरात तिची सही चालायची. समोर रिकामी खुर्ची होती. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं, आणि तिलाही बसायचं नव्हतं.

टेबलावर तिनं लिहिलेली पुस्तिका होती, 'हवाई सुरक्षेचे मैलाचे दगड'. निमित्त अठरा फेब्रुवारीचं. एकोणीसशे अकरा साली त्याच तारखेला अलाहाबादहून एक विमान साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उतरलं होतं. त्या टपालाला उद्या एकशे तीस वर्षं होणार होती.

"टपाल छान आहे," पारसनीस म्हणाले. "एकोणीसशे बत्तीसचं कराची ते मुंबई, तेही छान. चव्वेचाळीसचा शिकागो करारही राहू द्या, परदेशी नाव आलं की वजन येतं. पण ही चोपन्नची जेट विमानं हवेत फुटली, ही छप्पन्नची टक्कर... यात मैलाचा दगड कुठे आहे?"

"साहेब, चोपन्नमध्ये ती विमानं फुटली म्हणून जगाला कळलं की धातू थकतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग जाते. तेव्हापासून खिडक्या गोलसर झाल्या. छप्पन्नच्या टकरीनंतर अमेरिकेनं आख्खी नवी यंत्रणा उभी केली. चरखी दादरीनंतर आपल्याकडे टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. आपलं नियमाचं पुस्तक असंच जाड झालंय. आधी माणसं, मग नियम."

"ते आपल्याला माहीत आहे ना? मग झालं." त्यांनी आणखी एक काट मारली. "शेवटच्या पानावर नियम एकसष्ट. तिथे माझा फोटो. हा नाही, कोट घातलेला."

शलाकानं पुस्तिका उचलली. लाल रेघांखाली मेलेली माणसं दुसऱ्यांदा मेली होती, आणि या वेळी मारणाऱ्याला साधा खोकलाही आला नव्हता. या माणसाबद्दल तिच्या मनात राग नव्हता. रागाला समोर काहीतरी वजनदार लागतं. त्याच्याबद्दल तिला वाटायचा तो निव्वळ तिटकारा, भाजीत निघालेल्या केसाबद्दल वाटावा तसा.

"आणि परिशिष्ट वाचून ठेवा," तो केस म्हणाला. "उद्या दुपारी तीनला मंत्र्यांसमोर पहिली सही तुमची."

*

नियम एकसष्ट थोडक्यात असा होता : यापुढे विमानाच्या पंखात माणूस उतरणार नाही.

धातू कसा थकतो हे कुणालाही घरी करून बघता येतं. लोखंडी तार घ्यायची, एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहायचं. विसाव्यांदा, तिसाव्यांदा ती हातात तुटते. विमानाचा पंखही प्रत्येक उड्डाणात असाच थोडा वाकतो, थोडा सरळ होतो. पत्रे जोडणाऱ्या कुठल्यातरी रिव्हेटच्या भोकाशी केसाएवढी भेग पडते आणि प्रत्येक फेरीत केसभर पुढे सरकते. पूर्वी ती शोधायला माणूस टॉर्च घेऊन पंखाच्या पोटात शिरायचा.

भेग सरकताना आवाज करते. टिक्. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, वटवाघळाच्या पट्टीतला. वातायन एअर या नागपूरच्या कंपनीनं तिच्या चाळीस विमानांच्या पंखांना आतून एक पातळ पापुद्रा चिकटवला होता. त्यात शर्टाच्या बटणाएवढे हजारो श्रवणबिंदू. हँगरात त्याला सगळे 'कान' म्हणत.

पण पंखात आवाज काय एकच असतो? उन्हात तापलेला पत्रा ढगात शिरला की कुरकुरतो. रिव्हेट बसल्या जागी घासतात. चाकं आत जाताना आख्खा सांगाडा कण्हतो. यातली खरी टिक् कोणती, हे कानाला शिकावं लागलं. मूल झालेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. भर दुपारी शेजारी भिंतीला ड्रिल चालू असतं, कुकरच्या चार शिट्ट्या होतात, तिचा डोळा उघडत नाही. पाळण्यात बाळानं नुसती कूस बदलली की ती उठून बसते. कुठला आवाज सोडायचा हे तिला बाळ शिकवतं.

कानाला शिकवलं इंजिनियरांनी. सुरुवातीच्या वर्षांत कानानं इशारा दिला की इंजिनियर त्या जागी शिरायचा, डोळ्यांनी बघायचा, हातानं चाचपायचा आणि पडद्यावरच्या दोन चौकटींपैकी एकीत टिक करायचा. 'दोष आहे.' 'दोष नाही.' हजारो इशारे, हजारो टिका. त्यावरून कान शहाणा झाला, असं कंपनीचं म्हणणं होतं. आता माणूस कशाला?

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी परिशिष्ट उघडून शलाका हेच वाचत होती. सात वर्षांची जाई खाली फरशीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. नवरा उदय चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवायचा, शनिवारीच यायचा. सोमवार ते शुक्रवार घरात या दोघीच.

"दाखव बघू." शलाकानं वही घेतली. "नागनदीचा उगम कुठे होतो? हिमालयात! जाई, अगं आपल्या घरामागून वाहते ती. तुला हिमालय माहीत होता?"

"नाही."

"मग कुठून आणलास?"

"रिकामं ठेवलं ना, की बाई ओरडतात, वर्गात उभं करतात," जाईनं आईला समजेल अशा बेतानं सांगितलं. "हिमालय लिहिलं की फक्त चूक देतात. कुणाला कळत नाही."

शलाकाला हसू फुटलं. तिनं लेकीच्या कपाळावरची बट मागे सारली, पिठाचा हात लागला म्हणून ओढणीनं पुसली, आणि हसत हसतच पुन्हा परिशिष्टाकडे वळली.

मग तिचं हसू थांबलं.

तक्ता मोठा होता. चाळीस विमानं, प्रत्येक पंखाच्या सांगाड्यातल्या प्रत्येक बरगडीचे दरवर्षीचे इशारे. पाच, नऊ, तीन, सहा. पोरांच्या अंगावरच्या खरचटण्यासारखे, असायचेच. फक्त उजव्या पंखाच्या मुळाशी, सातव्या बरगडीसमोर, शून्य. चाळीसच्या चाळीस विमानांत. सलग सहा वर्षं. त्या शून्याला कंपनीनं हिरवा रंग दिला होता आणि बाजूला छोटंसं कमळ काढलं होतं.

सातवी बरगडी. जिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, ती. सगळ्यात बोलकी असायला हवी, ती.

शलाकाला कमळ दिसलं नाही. तिला स्वतःचं पोट दिसलं.

*

आठ वर्षांपूर्वी ती परिषदेत नव्हती. वातायनच्या हँगरात इंजिनियर होती, तिथली एकुलती एक बाई. सातवा महिना चालू होता. सातव्या बरगडीकडे जायचा रस्ता म्हणजे पंखाच्या तळातलं एक अंडाकृती भोक, दीड फूट लांब, फूटभर रुंद. ज्यानं कुणी ते आखलं त्याच्या घरात गरोदर बाई कधी राहिलीच नसावी.

त्या महिन्यात कानानं तीन विमानांत त्याच जागी इशारा दिला. पहिल्या दिवशी शिडीवर चढून तिनं भोकातून डोकं घातलं, खांदे घातले, आणि पोट अडकलं. खाली दोघं उभे होते. एक जण म्हणाला, "मॅडम, बाहेर कधी येणार? का डिलिव्हरी तिथंच?" दुसरा खिदळला.

उतरून 'मला जाता येत नाही' म्हणायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की पुढच्या आठवड्यात तिला कारकुनीच्या टेबलावर बसवलं असतं आणि बाळंतपणानंतर तिथंच ठेवलं असतं. तिच्या आधीच्या दोघींना तसंच ठेवलं होतं. आणि पडद्यावर चौकटी दोनच होत्या.

तिनं टिक केली. दोष नाही. तीन विमानं, तीन टिका. मग रजा, मग जाई, मग परिषदेची नोकरी. त्या जुन्या इशाऱ्यांमुळे काही झालं नाही, म्हणून ती विसरली. खरं तर विसरली नव्हती. घरातली एक खोली कुलूप लावून ठेवावी तसं तिनं ते ठेवलं होतं.

आता तिनं कुलूप काढलं आणि परिशिष्टाला जोडलेल्या जुन्या नोंदी उपसल्या. तिच्या तीन टिकांनंतर पुढच्या इंजिनियरांच्या पडद्यावर इशाऱ्याखाली एक मदतीची ओळ येऊ लागली होती : 'मागील तिन्ही प्रसंगी दोष आढळला नाही.' ती वाचून चौथ्यानं भोकाकडे न बघताच टिक केली. मग ओळ झाली 'मागील चारही प्रसंगी'. असे अकरा जण. त्यानंतर कानानं विचारलंच नाही. त्या जागची टिक् म्हणजे शेजारचं ड्रिल, असं तो शिकला होता. आणि चाळीसही विमानांत कान एकच होता. एकाला शिकवलं की सगळे शिकत.

सहा वर्षं सातवी बरगडी बोलत असेल, आणि ऐकणाऱ्याला तिनं स्वतः झोपवलं होतं.

"आई, भाकरी जळतेय," जाई म्हणाली.

*

सकाळी आठला ती हँगरात पोचली. समारंभाची साडी पिशवीत होती. मुख्य दरवाजात मांडव चढत होता. आजच्या पहिल्या उड्डाणाचं विमान, एकतीस नंबर, झेंडूच्या माळा घालून उभं होतं. सत्तर प्रवासी घेऊन ते साडेतीनला गडचिरोलीला निघणार होतं.

आतल्या कोपऱ्यात बिल्ल्यांच्या फळीपाशी यशवंत खोब्रागडे बसले होते. शलाकाला स्पॅनर धरायला ज्यांनी शिकवलं ते खोब्रागडे काका. चाळीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काढून आता एका कानानं बहिरे. निवृत्तीनंतर कंपनीनं त्यांना या फळीवर बसवलं होतं. हँगरचा जुना रिवाज होता : पंखात शिरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला भोकाजवळच्या आकड्याला अडकवायचा. झाकण लावणारा आधी आकडा बघणार. बिल्ला दिसला म्हणजे आत माणूस आहे. उद्यापासून आत माणूसच नाही, म्हणून फळी परवा भंगारात जायची होती. काका तरीही एकेक बिल्ला चिंचेनं घासत होते.

"एकशे चौदा," शलाका म्हणाली.

काकांनी मान वर केली. तिच्या तोंडाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. तिचा आठ वर्षांपूर्वीचा बिल्ला काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. लखलखीत होता.

"एकतीस नंबर. उजवा पंख. सातवी."

"आज?"

"आज."

काकांनी हातातली चिंच खाली ठेवली. मग उठले आणि शिडी ओढायला लागले. ओढता ओढताच म्हणाले, "तवाच जायाले पायजे होतं, पोरी."

शलाकाचा हात शिडीवर तसाच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"बिल्ला लटकला नव्हता ना. तीन डाव. नंतरच्या दोन डावात तर झाकनाच्या कडेची धूळ बी तशीच. मले दिसते, कान गेला हाये, डोये नाई गेले."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? पोटुशी पोरगी, ते दोन माकडं खाली दात काढून रायले. म्हटलं, जाऊ दे, रजेवरून आली का बघू. तू आलीच नाई. मी बी विसरलो." काकांनी शिडीचा पाय पक्का केला. "विसरलो नाई. तुले सांगतो, मले वाटलं मी दया करून रायलो. दया कायची? मलाच चार लोकांत तोंड उघडायचं नव्हतं."

आठ वर्षं शलाकानं त्या दोन माकडांचा तिरस्कार केला होता. पारसनीसांचा केला होता, कमळ काढणाऱ्यांचा केला होता. आत्ता शिडीवर उभं राहिल्यावर त्या रांगेत तिला आपलीही पाठ दिसली.

तिनं बिल्ला आकड्याला अडकवला आणि आत शिरली. आता खांदे गेले, कंबरही गेली. आत वार्निशाचा आणि जुन्या घामाचा वास. टॉर्च दातात धरून ती कोपरांवर सरकत सातव्या बरगडीशी पोचली. डोळ्यांना काही दिसलं नाही. तिनं जागा पुसली, लाल रंगद्रव लावला, थांबली, पुन्हा कोरडी पुसली आणि वर पांढरी पूड फवारली. भेग असेल तर तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्यातून वर येतो.

आला. आधी एक टिंब, मग टिंबाला शेपूट, मग ती शेपूट एका रिव्हेटपासून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत. शलाकानं हात लावून मोजली. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, पुरी एक वीत.

भेगेपासून चार बोटांवर कानाचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

*

"एक विमान बाजूला काढू," मांडवामागच्या खोलीत विराज मेहेंदळे म्हणाला. तो वातायनचा उपाध्यक्ष. दाढी इतकी रेखीव की सकाळी पट्टी लावून आखली असावी. "बत्तीस नंबरला माळा घालू. लोकांना काय, विमान ते विमान."

"चाळीसही उतरवावी लागतील."

"एका भेगेवरून?" त्यानं पारसनीसांकडे बघून मंद स्मित केलं. "मॅडम, विज्ञान असं भावनेवर चालत नाही. सहा वर्षांचा डेटा आहे आमच्याकडे. शून्य इशारे."

"शून्य म्हणजे भेग नाही असं नव्हे. शून्य म्हणजे कान बहिरा आहे. त्या जागेपुरता. चाळीस विमानांत."

"कशावरून?"

इथवर ती अधिकारी म्हणून बोलत होती. पुढचं पाऊल अधिकाऱ्याला टाकता येण्याजोगं नव्हतं.

"कारण त्याला बहिरा मी केला," ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. भोक, पोट, तीन टिका.

मांडवात कुणीतरी माईक तपासत होतं. हॅलो, हॅलो, वन टू. पारसनीसांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. हा माणूस आवाज उतरवायचा तेव्हाच मनापासून बोलायचा.

"हे तुम्ही बोललाच नाहीत असं मी समजतो. परवाना जाईल, कळतंय? नोकरी जाईल. खोट्या सहीचा खटला होईल. आणि परिषदेची अब्रू? मुख्य तपासणी अधिकारीच अशी निघाली तर लोक म्हणतील काय? एकतीस नंबरची भेग आपण गुपचूप बुजवू. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी, नियमित तपासणीत, हळूहळू..."

"नियमित तपासणी आज दुपारी तीनला बंद होतेय, साहेब. तुमच्या फोटोच्या पानावर."

"तुम्हाला एक मुलगी आहे ना हो?" मेहेंदळे कळवळ्यानं म्हणाला. "तिचा विचार करा."

शलाकानं त्याच्याकडे बघितलं. जाईचं नाव या तोंडातून आलं नव्हतं, तेवढी कृपा झाली होती. "मेहेंदळे, तुमच्या विमानात आज सत्तर जण बसणार आहेत. त्यांच्याही घरी कुणी कुणी असेल. तुमच्या तक्त्यात त्याचा रकाना नाही म्हणून विचारते."

बाहेर येऊन तिनं उदयला फोन लावला. तो ऐकत राहिला. वर्गाचा गलका मागे ऐकू येत होता.

"मला तेव्हा का नाही सांगितलंस?" त्यानं शेवटी विचारलं.

"तू घरी बस म्हणाला असतास."

त्यानं वर्गाचं दार ओढून घेतलं, गलका कमी झाला. "म्हणालो असतो," उदय म्हणाला. "जा. सांग. मी निघतो इथून."

*

तीन वाजता मंत्री आले, शाली आल्या, पेढे आले. शलाकानं आणलेली साडी पिशवीतच राहिली. ती कोपरांवर वार्निश लागलेल्या कपड्यांत व्यासपीठावर चढली तेव्हा पारसनीसांनी नजर फिरवली. प्रमाणपत्र समोर आलं. तिनं पेन उघडलं आणि सहीच्या जागेच्या वर, 'शेरा' लिहायला जे दोन बोटं मोकळं ठेवलेलं असतं आणि ज्यात शंभर वर्षांत कुणी काही लिहिलेलं नसतं, तिथं बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. जागा संपली तेव्हा समासात गेली. मग सही.

कार्यक्रमपत्रिकेत पुढचा मुद्दा 'प्रमाणपत्राचे वाचन' हा होता. तो कुणी बदलला नव्हता, कारण त्यात काय लिहिलेलं असतं हे कुणीच ऐकत नसतं. निवेदिकेनं कागद घेतला आणि सणासुदीच्या लाडिक आवाजात सुरुवात केली.

"आजच्या या मंगल क्षणी, मुख्य तपासणी अधिकारी सौ. शलाका डोंगरवार आपल्या शब्दांत म्हणतात, की मी, शलाका डोंगरवार, सन दोन हजार तेहतीसमध्ये वातायनच्या तीन विमानांच्या पंखांत न शिरता 'दोष नाही' अशी खोटी नोंद केली..." निवेदिकेच्या आवाजातला लाडिकपणा आणखी दोन शब्द टिकला. मग तो गळून पडला. तिनं पारसनीसांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"वाचा ना," पहिल्या रांगेतून एक बाई म्हणाली. तिच्या हातात गडचिरोलीचं तिकीट होतं. "पुढं वाचा."

निवेदिकेनं वाचलं. आता साध्या, स्वतःच्या आवाजात. "त्यामुळे सातव्या बरगडीपुरता कान बहिरा आहे. एकतीस नंबरच्या विमानात आज सकाळी एक वीत भेग मी हातानं मोजली आहे. चाळीसही विमानं जमिनीवर ठेवावीत. नियम एकसष्टला माझी संमती नाही."

मंत्री उठले, कारण मंत्र्यांना अशा वेळी उठून जाता येतं. सत्तर प्रवासी बसून राहिले. मग तिकीटवाल्या बाईनं हातातला पेढा परत ताटात ठेवला आणि विचारलं, "आता एस्टी किती वाजताची हाय?"

*

चाळीस विमानं तपासायला एकवीस दिवस लागले. नऊ पंखांत भेगा सापडल्या. दोन तर वीतभराहून मोठ्या.

शलाकाचा परवाना कायमचा गेला. खटला चालला, शिक्षा स्थगित झाली. चॅनेलवर एक तज्ज्ञ आठवडाभर सांगत होता की बायकांना अशी जोखमीची कामं द्यावीत का यावर विचार व्हायला हवा. त्या अकरा पुरुषांचा विषय निघाला तेव्हा वेळ संपली होती. शलाकानं टीव्ही बंद केला. आताशा ती पॉलिटेक्निकच्या पोरांना धातूचं काम शिकवायची, आणि पहिल्या तासाला स्वतःची गोष्ट सांगायची. पोरं तिच्याकडे कशी बघायची, ते ती सहन करायची. तेवढं तिनं कमावलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत टपालानं परिषदेची पुस्तिका आली. नवी आवृत्ती. कोट घातलेला फोटो. 'परिषदेच्या दूरदृष्टीतून साकारलेला नियम एकसष्ट-अ : पंखातील प्रत्यक्ष तपासणी यापुढेही सक्तीची राहील. इशाऱ्याच्या नोंदीत दोनऐवजी तीन चौकटी असतील. तिसरी चौकट : पाहता आले नाही. या चौकटीत टिक करणाऱ्याकडे कोणीही कारण मागणार नाही.'

दूरदृष्टी! शलाका मोठ्यानं हसली. मग तिनं ते पान पुन्हा वाचलं. आधी कोण मेलं हे शोधायची तिच्या डोळ्यांना सवय होती. या नियमाच्या आधी कुणीच नव्हतं.

तेवढ्यात काकांचा फोन आला. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते ओरडूनच बोलत.

"पोरी! आज आपल्या हँगरात पयली टिक झाली! तिसऱ्या चौकटीत!"

"कुणी केली?"

"दारव्हेकरांची पोरगी हाय नवी. साहवा मयना. गेली पडद्यापाशी, केली टिक, बसली डबा खात. कोनी हूं का चूं नाई केलं!"

"मग आत कोण गेलं?"

"सुपरवायझर! तोच तो, तुह्या टायमाचा, दात काढनारा. आता साहेब झाला हाये, पोटबी साहेबाचं झालं. चढला कुरकुरत. डोकं गेलं, खांदे गेले..." काका हसता हसता खोकायला लागले. "अन् अटकला! भोकात! आम्ही तिघांनी पाय धरून ओढला."

"मग?"

"मग काय! उतरला, घाम पुसला, इकडंतिकडं पायलं. पोरगी डबा खातच होती. गेला पडद्यापाशी, अन् त्यानंबी तिसऱ्याच चौकटीत टिक केली."

शेवटी एक सडपातळ पोरगा आत गेला होता, बिल्ला लटकवून. काहीच नव्हतं. पत्रा तापून कुरकुरला होता. विमान पाऊण तास उशिरा सुटलं, प्रवाशांनी कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या आणि सगळे सुखरूप गडचिरोलीला उतरले. त्याची बातमी कुठेच आली नाही.

फोन ठेवून शलाका बाहेर आली. जाई पायरीवर वही घेऊन बसली होती. तिनं एका प्रश्नापुढे पट्टीनं नीट चौकोन आखला होता आणि आत टिक केली होती.

"हे काय गं?"

"हे येत नाहीये मला," जाई म्हणाली. "आता या प्रश्नाच्या आत तू जा."

शलाका पायरीवर तिच्याशेजारी बसली आणि वही मांडीवर घेतली.